आधी प्रश्न विचारणाऱ्याकडून घ्यावे : कॅनव्हास, स्पाचे झाकण आणि घड्याळ

काही वर्षांपूर्वी बाल्कनीत येणारी पावसाची झड अडवण्यासाठी मी एका दुकानातून पडदा शिवून घेतला. माप मी स्वतः घेतले होते, दुकानदाराने ते चिठ्ठीवर उतरवून घेतले आणि चार दिवसांत पडदा घरी आला. लावून पाहिला तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आखूड. चूक कोणाची यावर बराच वाद झाला आणि शेवटी कळले ते असे, की मी सांगितलेले माप त्यांनी कापडाच्या कापाचे धरले होते आणि कडांची दुमड त्यातूनच वजा झाली होती. पुढच्या वर्षी ज्या कारागिराकडे गेलो, त्याने भाव सांगण्याआधी चार प्रश्न विचारले : झड कोणत्या दिशेने येते, पडदा रोज गुंडाळायचा आहे की चार महिने तसाच राहणार आहे, वर अडकवायला पाइप आहे की नुसती भिंत, आणि हे माप तयार पडद्याचे आहे ना. तेव्हापासून घडवून घ्यायच्या कोणत्याही वस्तूसाठी दुकान निवडताना मी एवढेच पाहतो, की विकणारा आपल्याला काय आणि किती विचारतो.

कॅनव्हासची शिलाई, स्पाचे म्हणजे अंगणातल्या गरम पाण्याच्या टबाचे झाकण आणि मनगटी घड्याळ या तीन वस्तू एका लेखात आणणे विचित्र वाटेल, पण तिन्हींची एक अडचण सारखी आहे. चांगली आणि सुमार वस्तू छायाचित्रात हुबेहूब सारखी दिसते. फरक असतो तो शिवणीत, झाकणाच्या पोटात किंवा घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली. शिवाय तिन्ही वस्तू कधी ना कधी दुरुस्तीला येतात, आणि ज्याने घडवले किंवा उघडून तपासून दिले त्याच्याकडेच त्या परत न्याव्या लागतात.

कॅनव्हासपासून सुरुवात करू. दुकानात ‘कॅनव्हास’ किंवा ‘ताडपत्री’ या नावाखाली निदान तीन वेगवेगळी कापडे विकली जातात. पहिले खरे सुती कॅनव्हास, ज्याला व्यापारात डक असेही म्हणतात. दुसरे पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप दिलेले कापड, जे ट्रकवर आणि मांडवावर दिसते. आणि तिसरी एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली निळी-पिवळी ताडपत्री, जी एक-दोन पावसाळ्यांत उन्हाने चुरगळून तिचे तंतू सुटू लागतात. तिसरी वस्तू वाईट आहे असे नाही, शेतातला कांदा आठ दिवस झाकायला ती पुरते. मात्र ती ‘कॅनव्हास’ म्हणून आणि त्या भावाने घेऊ नये. सुती आणि पॉलिएस्टर यांत शंका असेल तर कडेचा एक धागा मागून घेऊन काडीने जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

कोणते कापड घ्यावे हे कामावर ठरते. सुती कॅनव्हासचा मोठा गुण असा की ओले झाल्यावर त्याचे धागे फुगतात, विणीतली बारीक भोके आपोआप बुजतात, आणि कोरडे झाल्यावर त्यातून हवा खेळते. म्हणून तंबूला, अवजारांच्या पिशवीला, गाडीच्या आच्छादनाला ते चांगले. मोटारसायकलीवर पीव्हीसीचे कापड घट्ट बांधले तर आतली दमट हवा आतच कोंडते आणि पावसापासून वाचवलेली गाडी घामाने गंजते, असा उलटा प्रकार होतो. याउलट कोकणात किंवा मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर टांगून ठेवायच्या वस्तूला सुती कापड घेऊ नये, कारण त्याला वाळायला उसंतच मिळत नाही आणि बुरशी धरते. तिथे ६०० ते ७०० जीएसएमचे पीव्हीसी लेपाचे पॉलिएस्टर कापड अधिक टिकते.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. जुने कारागीर अजून औंसात बोलतात. एका चौरस वारामागे एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम असा हिशेब लक्षात ठेवावा. डकच्या नंबरात मात्र गंमत आहे : नंबर जितका मोठा तितके कापड पातळ, म्हणजे ८ नंबरचे कापड १२ नंबरपेक्षा जाड असते. सांगितलेला जीएसएम खरा आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब आच्छादन म्हणजे १२ चौरस मीटर. कापड ६०० जीएसएमचे असेल तर ते ७ किलो २०० ग्रॅमचे भरायला हवे आणि दुमडी व रिंगा धरून त्याहून थोडे जास्तच. घडी वाण्याच्या काट्यावर ठेवली आणि ती पाच किलो भरली, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

शिवण पाहताना कापड उलटे करून पाहावे. दोन पट्ट्या जोडताना त्यांच्या कडा एकमेकांत दुमडून त्यावर दुहेरी शिलाई घातलेली असेल तर कापडाचे चार पदर एकत्र येतात आणि कापलेली कड कुठेच उघडी दिसत नाही. तसे नसेल तर पाणी तिथूनच आत येणार. पॉलिएस्टर कापडाला उन्हात टिकणारा पॉलिएस्टर दोराच हवा. सुती कॅनव्हासला सुती आवरणाचा दोरा अधिक चांगला, कारण तोही ओला झाल्यावर फुगून सुईचे भोक बुजवतो. अशा नव्या तंबूला वापरण्यापूर्वी एक-दोनदा पूर्ण भिजवून वाळवावे लागते, आणि हे न सांगता तंबू हातात देणाऱ्याला आपल्या मालाची पुरेशी ओळख नाही असे समजायला हरकत नाही. भिजवल्यावर सुती कापड आटते, त्यामुळे आटण्याची सूट मापात धरली आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे.

कडेच्या रिंगा पितळेच्या आहेत असे सांगितले जाते, तेव्हा खिशात एक लहानसा चुंबक असावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. पिवळा मुलामा दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतो. लोखंडी रिंग पहिल्याच पावसाळ्यात गंजते आणि गंजलेली रिंग आपल्याभोवतीचे कापडही कुजवते. रिंगेच्या जागी कापडाचा जादा पदर किंवा आत पट्टी घातलेली असावी, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला रिंग कापडासकट निघून येते.

आच्छादन छपरासारखे आडवे बांधायचे असेल तर उताराचा विचार कापडाच्या जाडीहून महत्त्वाचा आहे. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साठले तर त्याचे वजन १०० किलो होते, आणि असा एकदा पडलेला झोळ पुढच्या प्रत्येक सरीला अधिक खोल होत जातो. चांगला कारागीर म्हणूनच माप घ्यायला स्वतः येतो आणि ‘पाणी कुठे काढायचे’ हे विचारतो. तो येऊ शकत नसेल तर कागदावर आकृती काढून, चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून द्यावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्ण वेगळे भरले तर चौकट काटकोनात नाही हे त्याला कळते. आणि मापापुढे ‘तयार माप’ असे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत.

स्पाच्या झाकणाचा विषय माझ्यापर्यंत आला तो कॅनडात राहणाऱ्या भावामुळे. त्याने घेतलेल्या घराच्या मागच्या अंगणात आधीच्या मालकाचा गरम पाण्याचा टब होता, आणि त्याचे झाकण इतके जड झाले होते की ते दोघांनाही उचलेना. वस्तू तिकडची असली तरी तिची घडण आपल्याला समजण्याजोगी आहे. आत थर्मोकोलच्या दोन जाड फळ्या, प्रत्येक फळीला वाफ अडवणारे प्लास्टिकचे घट्ट आवरण, आणि वर मरीन व्हिनाइलची शिवलेली खोळ, म्हणजे आपल्या रेग्झिनचा उन्हापाण्यासाठी घडवलेला भाऊ. टबातले पाणी जास्तीत जास्त ४० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. बाहेर बर्फ आणि आत ही वाफ अशा अवस्थेत प्लास्टिकचे आवरण कुठे फाटले तर वाफ थर्मोकोलच्या दाण्यांमध्ये शिरून तिथेच पाणी होऊन बसते. झाकण जड होणे म्हणजे फळी पाणी प्यायली, आणि अशी फळी वाळवून पुन्हा नीट होत नाही. भावाला मी सांगितले ते एवढेच, की खोळ धड असेल तर नुसत्या फळ्या बदलून देणारा कारागीर आधी शोध. ते काम होते, आणि पूर्ण झाकणाचा खर्च वाचतो.

नवेच करून घ्यायचे झाले तर तीन आकडे विचारावेत. पहिला जाडीचा : झाकण मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असते, उदाहरणार्थ मध्ये पाच इंच आणि कडेला तीन इंच, म्हणजे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी घसरून जाते. थंड प्रदेशात चार-दोन इंचांचे झाकण स्वस्त पडते खरे, पण विजेच्या बिलात ते पैसे परत जातात. दुसरा आकडा थर्मोकोलच्या घनतेचा, जी तिथे घनफुटामागे १, १.५ किंवा २ पौंड अशी सांगतात. घनतेने उष्णता अडवण्याची ताकद थोडीच वाढते; फळी वाकू नये, बर्फाच्या भाराने तिला पोक येऊ नये, यासाठी ती पाहायची. तिसरा आकडा आहे एएसटीएम एफ १३४६ या अमेरिकन सुरक्षा मानकाचा. लहान मूल टबात पडू नये यासाठी झाकण किती भार सहन करील, त्याला कुलूप कसे असेल, हे ते मानक ठरवते. आठ फुटांपेक्षा मोठ्या टबाच्या झाकणाने ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो भार पेलला पाहिजे. म्हणून त्यावर उभे राहावे असे मात्र नाही. घरात मुले असतील तर या आकड्याबाबत तडजोड करू नये.

मधल्या दुमडीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि उष्णता जाते ती तिथूनच. दोन फळ्यांच्या मध्ये, दुमडीच्या पूर्ण लांबीत, वाफ अडवणारी फोमची सलग पट्टी आहे का, हे विचारावे. फक्त दोन टोकांना फोमचे तुकडे बसवलेले झाकण बरेच स्वस्त मिळते आणि बर्फात दुमडीवरून वाफेची रेघ निघताना दिसते. माप टबाच्या आतल्या पाण्याचे घ्यायचे नसते, वरच्या ओठाच्या बाहेरच्या कडेचे घ्यायचे असते. गोल कोपऱ्याचे माप घेण्याची युक्ती अशी : दोन सरळ पट्ट्या दोन्ही बाजूंना टेकवून त्या जिथे मिळतात तो काल्पनिक कोपरा धरावा आणि तिथपासून कड जिथे वळायला लागते तिथपर्यंत मोजावे; ती झाली कोपऱ्याची त्रिज्या. झालर किती खाली लोंबणार, कुलुपाचे पट्टे कुठे येणार, झाकण कोणत्या बाजूला दुमडून उघडणार आणि तिथे भिंत आहे का, हे प्रश्न ज्याच्या मागणीपत्रकात नाहीत त्याच्याकडे घरचे माप पाठवू नये. झाकण आल्यानंतरची एक सवय त्याचे आयुष्य वाढवते : पाण्यात क्लोरिनची मोठी मात्रा टाकल्यावर १५-२० मिनिटे झाकण उघडे ठेवावे, कारण ती वाफ आवरण आणि दोरा दोन्ही खाते.

गोव्यातल्या बंगल्यांत आणि लोणावळ्याच्या बाजूला असे टब दिसतात, पण तिथे हेच जाड झाकण मागवणे मला पटत नाही. उष्णता कोंडण्याची गरज तिथे कमी, आणि ऊन, पालापाचोळा व डास यांची काळजी जास्त. स्थानिक कॅनव्हासवाल्याकडून मधोमध उंचवटा ठेवणाऱ्या हलक्या चौकटीवर पीव्हीसीचे घट्ट आच्छादन शिवून घेतले तर काम भागते. घरात किंवा शेजारी लहान मुले असतील तर मात्र असे कापड पुरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता घड्याळ. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण फसवणुकीच्या एका प्रकाराला आपल्याच शहराचे नाव मिळालेले आहे. जुन्या घड्याळांचे जगभरचे हौशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ किंवा ‘बॉम्बे स्पेशल’ असा शब्द वापरतात. जुन्या एचएमटी, सेइको किंवा फावर-ल्युबा घड्याळाची तबकडी खरवडून नव्याने रंगवायची, केस म्हणजे बाहेरचे धातूचे कवच घासून चकचकीत करायचे, काटे आणि मशीन हाताला लागेल तिथून बसवायचे आणि ‘अस्सल जुने’ म्हणून विकायचे, असा तो प्रकार. हजार-दीड हजारात चालणारे, दिसायला छान घड्याळ म्हणून ते घेण्यात गैर काही नाही. जुन्या वस्तूचे पैसे मोजून ते घेऊ नये.

एचएमटीचे उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांत आजोबांच्या कपाटात सापडते ते बहुधा हेच. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये हा कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज बाजारात ‘नवे’ म्हणून मिळणारे ‘जनता’ किंवा ‘पायलट’ घड्याळ बऱ्याचदा जुन्या साठ्यातले किंवा जोडून केलेले असते. ‘जनता’ हे चावीचे, १७ ज्वेलचे (म्हणजे झीज रोखणारे १७ खडे बसवलेले), तासाला १८,००० ठोके देणारे मशीन. अस्सल तबकडीवरची अक्षरे भिंगातून बारीक, सारख्या जाडीची आणि कडा स्वच्छ असलेली दिसतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर शाई पसरलेली, मिनिटांच्या रेषा वाकड्या आणि ‘पॅरा शॉक’सारखे शब्द किंचित तिरपे बसलेले आढळतात. काट्यांची लांबी पाहावी : मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांना टेकला पाहिजे आणि तासकाटा आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत पोचला पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी भडक निळी-केशरी आणि कोरी असेल तर ती काल रंगवलेली आहे. तबकडीवर थोडे डाग, काट्यांवर थोडा पिवळेपणा असलेले घड्याळ मी नेहमी अधिक विश्वासाने घेतो.

जुन्या साठ्यातले, एकदाही न वापरलेले घड्याळ मिळाले तरी सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव ठरवावा. डबीत पडून राहिलेल्या मशीनमधले तेलसुद्धा वर्षांनुवर्षांत सुकते, आणि सुक्या मशीनला चावी देत राहिले तर आस झिजतात.

खऱ्या घड्याळजीची ओळख अशी, की तो आपल्यासमोर मागचे झाकण उघडायला तयार असतो. उघडल्यावर मशीनवर गंजाचे ठिपके, स्क्रूच्या खाचा चावलेल्या, कुठे गोंद किंवा कागदाचा कपटा दिसला तर पुढचा विचार आपण करावा. त्याच्याकडे टाइमग्राफर असेल तर त्यावर घड्याळ लावायला सांगावे. हे यंत्र ठोके ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाईल आणि आतल्या डुलणाऱ्या चक्राचा झोक किती आहे, म्हणजे ते किती अंश वळते, ते दाखवते. पूर्ण चावी दिलेल्या, साफ केलेल्या मशीनचा झोक साधारण २५० ते ३०० अंशांत असतो. जुन्या घड्याळाला थोडी सूट द्यावी, पण झोक २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग करून मगच पैसे द्यावेत.

नवे घड्याळ छोट्या, खास कंपनीकडून घेतानाही पहिला प्रश्न मशीनचाच. जयपूर वॉच कंपनी आणि बंगळूर वॉच कंपनी यांच्यासारखी नावे गेल्या काही वर्षांत पुढे आली आहेत, आणि जयपूरच्या कंपनीने तबकडीत जुनी नाणी बसवून स्वतःची ओळख केली. जगातल्या बहुतेक छोट्या कंपन्या मशीन स्वतः बनवत नाहीत. ते जपानचे मियोटा किंवा सेइको, नाहीतर स्वित्झर्लंडचे सेलिटा असते. यात कमीपणा मानू नये. दहा वर्षांनी सुटा भाग मिळण्याची शक्यता अशाच मशीनची जास्त असते, आणि मशीनचे नाव सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी तरी घेत नाही. अचूकतेबद्दल अपेक्षा वास्तव ठेवावी. सेइकोच्या एनएच ३५ या लोकप्रिय ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या मशीनची जाहीर मर्यादा दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे इतकी आहे. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचे प्रमाणपत्र मिळालेल्या मशीनला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. सेलवर चालणारे साधे घड्याळ महिन्याला १५-२० सेकंदच चुकते, तेव्हा फक्त वेळच हवी असेल तर ते घ्यावे.

मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिले म्हणून घड्याळ घालून विहिरीत उडी मारू नये. तो आकडा हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरता समजावा. पोहायचे असेल तर १०० मीटर आणि स्क्रूने बसणारी चावी हवी. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या हवेत चामड्याचा पट्टा घामाने लवकर कुजतो, तेव्हा कॅनव्हासचा किंवा नायलॉनचा पट्टा बरा. तो घेताना केसच्या, पट्टा जिथे अडकतो त्या, दोन शिंगांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्यावे. १८ ला २० चा पट्टा दाबून बसवणाऱ्याचे ऐकू नये.

पैसे देण्यापूर्वीचे काम तिन्ही वस्तूंना सारखेच आहे. मापाने बनवलेली वस्तू ‘नको’ म्हणून परत घेतली जात नाही, म्हणून बिलावर केवळ ‘कव्हर’ किंवा ‘वॉच’ असे न लिहिता कापडाचा जीएसएम, तयार माप, फळीची जाडी व घनता, किंवा मशीनचे नाव आणि तबकडी मूळ आहे की रंगवलेली, हे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नये. लिहिल्याप्रमाणे वस्तू मिळाली नाही तर भारतात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही दाद मागता येते. दुकान दुसऱ्या गावात असले तरी तिथे खेटे घालावे लागत नाहीत.

घड्याळ दुरुस्तीला दिले असेल तर बदललेले जुने भाग पुडीत बांधून परत मागावेत. घरी आणल्यावर आठवडाभर रोज एकाच वेळी चावी द्यावी, फोनच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक पडला ते कागदावर लिहावे, आणि रात्री ते उताणे ठेवले होते की उभे, हेही त्यापुढे नोंदवावे. आठव्या दिवशी तो कागद घेऊन घड्याळजीकडे जावे. ज्याला काम येते तो आधी कागद वाचतो आणि मगच भिंग डोळ्याला लावतो.